लोहाऱ्याचे बॅरिमोर

दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता गौरीशंकरची नजर चौकात गेली आणि हात तिथंच थांबले. शटर अर्ध्यावर, तो वाकलेला, आणि समोर विजेच्या खांबाला बांधलेल्या नव्याकोऱ्या फ्लेक्सवर त्याचा धाकटा भाऊ अमरनाथ.

अमरनाथच्या डोक्याला कारभाऱ्याची पगडी होती. म्हणजे कुणीतरी संगणकावर ती बसवली होती. त्याच्या टीव्ही मालिकेतल्या इन्स्पेक्टरचाच फोटो उचललेला, त्यामुळं पगडीखाली खाकी कॉलर आणि खांद्यावरचे तारे तसेच राहिले होते. वर भगव्या अक्षरांत ‘बसव जयंतीनिमित्त’, त्याखाली नाटकाचं नाव, ‘गादीचा राखणदार’, आणि त्याखाली ‘कारभाऱ्याच्या भूमिकेत प्रथमच, टीव्ही कलाकार अमरनाथ’. अगदी खालच्या कोपऱ्यात, खांबाच्या दोरीनं निम्मं झाकलेलं, ‘सोबत गौरीशंकर व इतर’.

गौरीशंकरनं शटर पुन्हा खाली ओढलं आणि दुकानाशेजारच्या जिन्यानं घरात गेला.

वर गिरिजा चहा गाळत होती. गौरीशंकरच्या पाठची आणि अमरनाथच्या आधीची ही बहीण. उमरग्याला दिलेली, पण नाटक जवळ आलं की सासरी तिचा पाय ठरत नसे.

“बघितलास व्हय रे फ्लेक्स?” ती खुशीत म्हणाली. “रातोरात करून घेतला. आता बघ, उमरग्यापासून माणसं येत्यात.”

“मला विचारलं नाहीस.”

“विचारायचं काय त्यात? अप्पांच्यानं उभं राहवत नाही. कारभारी कुणीतरी करायचाच. आपल्या घरात टीव्हीवरचा माणूस असताना...”

“मी आहे की घरात.”

गिरिजाचा हात थांबला. तिला खरंच सुचलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं आणि तेच गौरीशंकरला जास्त लागलं.

“तू सेनापती करतोस की रे, अण्णा,” ती म्हणाली. “तुझ्यासारखा फितूर सेनापती दुसरा कोण करणार?”

ती कौतुकानंच बोलली होती. नाटक त्यांच्या आजोबांनी लिहिलेलं. राजा वारल्यावर म्हातारा कारभारी बाल युवराजाची गादी सांभाळतो आणि गादीवर डोळा असलेल्या सेनापतीला शेवटी देहदंडाला पाठवतो, एवढीच गोष्ट. पण लोहारा आणि आसपासची गावं तीन पिढ्या ती बघत आली होती. आजोबांनंतर कारभारी अप्पांनी केला. आणि मिसरूड फुटल्यापासून आजपर्यंत गौरीशंकर दर वर्षी फितूर होत आला, दर वर्षी बेड्या घालून विंगेत जात आला. विंगेत गेल्यावर तो तिथंच उभा राही आणि अप्पांचं शेवटचं भाषण त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणे. कारभाऱ्याचं अख्खं काम त्याला पाठ होतं. एक दिवस ते आपल्याकडं येणार, हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. थोरल्यानं बोलून काय दाखवायचं?

अप्पा, म्हणजे तिघांचे वडील गुरुसिद्धप्पा, खाली दुकानामागच्या खोलीत होते. मार्गशीर्षात दुकानाच्या पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण पायात बळ आलं नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची. खिडकीला पडदा लावून घेतला. नाटकाचं नाव कुणी काढलं की भिंतीकडं तोंड. ज्याच्या चालीवर लोक टाळ्या वाजवायचे तो माणूस! पहिल्या अंकात कारभारी मागच्या पायऱ्यांवरून खाली येतो तेव्हा अप्पा काही बोलायचे नाहीत, नुसते उतरायचे, आणि मैदान चिडीचूप व्हायचं.

ती चाल त्यांनी कुठून आणली हे घरातलं पोरही सांगू शकलं असतं. अप्पा तरुणपणी सोलापूरला वसतिगृहात राहून शिकत होते. शिकले थोडं, रविवारी सकाळच्या खेळाला जुने अमेरिकन पिक्चर बघितले जास्त. इंग्रजी फारसं कळत नसे, म्हणून ते माणसं बघत. कोण कसा वळतो, कोण टोपी कशी काढतो, कोण न बोलता कसा रागावतो. तिथंच त्यांना बॅरिमोर भेटले. मग वाचनालयातली जुनी मासिकं धुंडाळून त्यांनी त्या घराण्याची कुळकथा काढली. आजी फिलाडेल्फियात नाटकगृह चालवायची. आई नटी, बाप नट. आणि तीन भावंडं, थोरला लायोनेल, मधली एथेल, धाकटा देखणा जॉन. तिघंही नट.

“आपलंच घर हाय की हे,” अप्पा म्हणत. कारण त्यांचे वडील गेल्यावर नाटकमंडळी त्यांची आई रुद्रम्मा हिनं चालवली होती. पडदे शिवण्यापासून नटांना दटावण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पुढं अप्पांना आधी मुलगा, मग मुलगी, मग मुलगा झाला, तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले ते या हिशेबानं. गौरीशंकरला लहानपणी ते ‘माझा लायोनेल’ म्हणायचे. लायोनेल म्हणजे कोणीतरी मोठा देव असावा, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

दुपारच्या एसटीनं अमरनाथ आला. पाठीला सॅक, डोळ्यांवर गॉगल. घरात न जाता तो थेट दुकानात शिरला आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

“अण्णा, तो फ्लेक्स मी नाही लावला.”

“माहीत आहे. गिरिजाचं काम.”

“काढून टाकू का? आत्ता जातो, ब्लेड दे.”

“राहू दे. लोकांनी बघितलाय.” गौरीशंकर शर्टाच्या कापडाची घडी घालत होता. घडी चारदा विस्कटली. शेवटी त्यानं कापड बाजूला टाकलं. “अमर, खरं सांगू? मला राग आलाय. तुझा नाही. पण आलाय. आयुष्यभर मी बेड्या घालून विंगेत गेलो. वाटलं होतं, यंदा...”

अमरनाथनं गॉगल काढला. “मग तूच कर ना कारभारी. देवाशपथ सांगतो, मला सुटल्यासारखं होईल.”

“का? स्टार ना तू?”

“कसला स्टार! एका भागात चार वाक्यं. चुकलं की परत घेतात. शर्टाला माइक लावलेला असतो, हळू बोल म्हणतात.” त्यानं दुकानाबाहेर बघितलं. “बारा वर्षांत स्टेजवर पाय नाही ठेवला, अण्णा. बसमध्ये येताना दोनदा वाटलं, मधेच उतरून परत जावं.”

गौरीशंकरला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. पण गिरिजानं ऐकलं तर ना! तिनं दोघांचंही चालू दिलं नाही. फ्लेक्सवर जे नाव आहे तेच काम करणार, गावासमोर शब्द गेलाय, असं म्हणून तिनं ऊन उतरताच सगळ्यांना तालमीला गच्चीवर नेलं. ती स्वतः राजमाता होती. लग्नानंतर पहिल्यांदाच रंग लावणार होती. युवराज करत होती शिवानी, गौरीशंकरची मुलगी. केस कापून बसली होती बिचारी त्यासाठी.

अमरनाथ कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि दरबाराचं पहिलं वाक्य म्हणाला. “ही गादी रिकामी नाही. हिच्यावर धन्याची सावली बसली आहे.”

म्हणाला चांगलं. डोळ्यांत पाणीही आणलं. फक्त ते त्याच्या शेजारी उभ्या शिवानीलाच ऐकू गेलं.

“काका, मोठ्यानं,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. जिन्याच्या तोंडाशी अव्वा, म्हणजे तिघांची आई नागम्मा, शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली. “कोण कुजबुजतंय रे? चोर शिरलाय काय दरबारात?”

सगळे हसले. अमरनाथही हसला आणि तिसऱ्यांदा ओरडून बोलायला गेला तर आवाज फाटला. गिरिजा म्हणाली, पोटातून काढ. शिवानी म्हणाली, काका, गाईला हाक मारता तसं म्हणा. त्यानं चौथ्यांदा तोंड उघडलं.

आणि खालून आवाज आला.

“ही गादी रिकामी नाही!”

दोन मजले खालून, दुकानामागच्या बंद खोलीतून, जिन्यातून वर चढत आला तो. शेंगांचं सूप अव्वाच्या मांडीवरून घसरलं. रस्त्यानं चाललेला एक सायकलवाला थांबून वर बघायला लागला.

“हिच्यावर धन्याची सावली बसली आहे! आणि सावलीला तलवार लागत नाही, सेनापती!”

आवाज थांबला. हाड मोडलं, पाय गेले, आणि हे सगळं आत तसंच्या तसं शिल्लक होतं. घरातल्या कुणीच तपासून बघितलं नव्हतं.

पहिला गौरीशंकरच धावला. मागोमाग बाकीचे. खोलीचं दार उघडलं तर अप्पा खिडकीकडं खुर्ची वळवून बसले होते. काहीतरी चोरताना सापडल्यासारखा चेहरा.

“कान किटले माझे,” ते खेकसले. “म्हणून बोललो. जावा वर. दार लावा.”

“अज्जा, तुम्हीच करा ना कारभारी!” शिवानी म्हणाली.

“खुळी हायस काय? कारभारी पायऱ्या उतरून येतो. त्याला काय खाली घरंगळत आणायचं? लोक चाल बघायला येत्यात. चाल गेली, कारभारी गेला.”

“अप्पा, लोक तुम्हाला बघायला...” गिरिजा सुरू झाली.

“न्हाय म्हणलं ना!”

एवढ्यात सगळ्यांना बाजूला सारत अव्वा आत आली. पदर खोचलेला, हाताला शेंगांची माती. जन्मात ती नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती असं नाही, पण पोरांदेखत आजच.

“पन्नास वर्षं,” ती म्हणाली, “पन्नास वर्षं मी त्या बॅरिमोरचं ऐकत आलेय. जेवताना बॅरिमोर. पेरणीला बॅरिमोर. माझ्या बाळंतपणात सुईण बाहेर आली तर तिला बॅरिमोर! कोण तो थोरला, लायनल का फायनल, त्याचं काय झालं होतं? सांगा की पोरांना.”

अप्पा खिडकीच्या पडद्याकडं बघायला लागले.

“खुबा मोडला होता ना त्याचा? चालता येत नव्हतं ना? मग घरात दार लावून बसला व्हता काय तो?”

“नाही,” अप्पा पुटपुटले.

“मग काय केलं त्यानं?”

“खुर्चीतून काम केलं.”

“मोठ्यानं. कोण कुजबुजतंय?”

“चाकाच्या खुर्चीतून काम केलं!” अप्पा गरजले. “किती वर्षं केलं! डॉक्टर झाला, म्हातारा झाला, काय काय झाला! खुर्चीत बसून उभ्या माणसांना खाऊन टाकायचा!”

“मग?” अव्वानं हात झटकले. “इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं, ते काय नुसतं मला पिडायला?”

अमरनाथ भिंतीकडं तोंड करून हसू दाबत होता. अप्पांच्याही मिशा हलल्या. पण मग त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं आणि चेहरा पुन्हा मावळला. “तो पिक्चर होता, नागम्मा. त्याच्यासाठी कामच तसं लिहायचे. आपल्या नाटकात कारभारी पायऱ्यांवरून येतो. माझ्या वडिलांनी तसं लिहिलंय. कसा येऊ मी?”

गौरीशंकरकडं याला उत्तर होतं. ते त्याला सुचलं आणि त्याच क्षणी त्याचा अर्थही कळला. बोललो तर काम जाणार. यंदाच नव्हे, कदाचित पुढच्या वर्षीही. अमरनाथनं नुकतंच देऊ केलेलं काम. सकाळपासूनचा राग अजून पुरता विझलेलाही नव्हता. त्यानं अप्पांकडं बघितलं. त्या मगाचच्या आवाजानं अजून त्यांची छाती वरखाली होत होती.

“अप्पा, तुम्ही यायचंच नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पडदा वर जाईल तेव्हा तुम्ही तिथं असायचं. पायऱ्यांच्या मधोमध, गादीशेजारी. बाकी सगळ्यांनी उतरून तुमच्यापर्यंत यायचं. राजमातेनं, युवराजानं, मी. धनी गेल्यापासून कारभारी गादीजवळून हललेलाच नाही. जेवण तिथं, झोप तिथं.” तो थांबला. “राखणदार आहे ना तो. राखणदार कशाला हिंडेल?”

अप्पांचे डोळे बारीक झाले. ते खोलीत नव्हतेच आता, मैदानावर पोचले होते.

“सेनापती जवळ येईल,” ते हळूच म्हणाले, “तेव्हा मी मान वळवणार नाही. नुसतं बोट.”

“बरोबर.”

“आणि खुर्ची नव्हे. आसन. घोंगडं टाका तिच्यावर.” मग ते एकदम थांबले आणि थोरल्याकडं बघू लागले. “गौऱ्या. आणि तू?”

“मी सेनापती. दुसरा आहे कोण फितूर घरात?”

गिरिजानं नाक ओढलं आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावायला बाहेर पळाली. अमरनाथनं स्वतःहून शिपाई मागून घेतला. शिपायाला एकच वाक्य होतं. पडदाही मीच ओढतो म्हणाला, हाताला काम तरी राहील.

बसव जयंतीची मिरवणूक दुपारीच आटोपली आणि दिवस मावळताना शाळेचं मैदान भरलं. अप्पांनी आरशासमोर आधी कपाळाला विभूती लावली, मग रंगाला हात घातला. पडदा उघडला तेव्हा ते पायऱ्यांच्या मधोमध बसले होते, पाठ ताठ, दोन्ही पंजे आसनाच्या हातांवर. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी नुसती नजर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नेली. पूर्वी पायऱ्या उतरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ घेऊन. मैदान चिडीचूप. मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो विंगेत उभ्या गौरीशंकरच्या पोटात घुमला. समोर पहिल्या रांगेत अव्वा टाळ्या न वाजवता इकडं तिकडं बघत होती, सगळे वाजवतायत ना याची खात्री करून घेत.

नाटक असं रंगलं की बोलायची सोय नाही. गिरिजा पहिल्या प्रवेशात अडखळली, दुसऱ्यात सुटली. शिवानीनं युवराज असा केला की बायका तिची दृष्ट काढायला लागल्या. आणि गौरीशंकरनं फितूर सेनापती जीव ओतून केला. जन्मात केला नव्हता तसा. लोकांनी त्याला मनापासून शिव्या दिल्या.

शेवटचा दरबार आला. बेड्या घेऊन अमरनाथ मागं उभा. गौरीशंकर गुडघ्यावर. आता अप्पा म्हणणार, ‘घेऊन जा याला’, आणि आपण उठायचं, विंगेत जायचं.

अप्पांनी बोट उचललं. पण ते वाक्य आलं नाही.

“सेनापती,” ते म्हणाले, “उभा राहा.”

हे नाटकात नव्हतं. गौरीशंकरनं वर बघितलं. अप्पा विसरले की काय? पण डोळे लख्ख होते.

“किती वर्षं या दरबारात गुडघे टेकतोस? लोक तुला फितूर म्हणतात. मी या आसनावरून सगळं बघितलंय. ज्या दिवशी माझे पाय गेले त्या दिवशी ही जागा तुला हिसकावता आली असती. हात पुढं केला असतास तर पुरे होतं. तू काय केलंस? मला उचलून पुन्हा गादीशेजारी बसवलंस.” त्यांनी मान युवराजाकडं वळवली. “असल्या माणसाला देहदंड देणारा कारभारी मी नव्हे. युवराज, मी थकलो. गादीचा पुढचा राखणदार हा.”

आणि त्यांनी डोक्यावरची पगडी काढून त्याच्यापुढं धरली.

आयुष्यात पहिल्यांदा गौरीशंकर रंगमंचावर होता आणि पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं. राजमाता गिरिजा तोंड उघडं टाकून उभी. शेवटी शिवानीच पुढं झाली, बारा वर्षांच्या राजाच्या ऐटीत. “घ्या, सेनापती. आमची आज्ञा आहे.”

त्यानं पगडी घेतली. ओठ आपोआप हलले. विंगेच्या अंधारात इतकी वर्षं म्हटलेलं शेवटचं भाषण, म्हणजे कारभाऱ्याची शपथ, त्याच्या तोंडून उजेडात बाहेर पडलं. तो ओरडला नाही. गरजच नव्हती. मैदानाच्या टोकाला उसाच्या रसाच्या गाड्यावरचं चाक थांबलं तेही त्याला ऐकू आलं.

शपथ संपली. तेवढ्यात मागून शिपाई अमरनाथ, बेड्या वर करून, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, “सरकार, मग ह्या आता कुणाला घालू?”

मैदान फुटलं. माणसं उठून उभी राहिली, फेटे उडाले, कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी रडत होतं आणि हसतही होतं. अव्वा उभी राहून शेजारणीला सांगत होती, तो थोरला, आणि तो बेड्यावाला धाकटा, आणि ती मधली, तिन्ही माझीच.

रंगमंचावर चौघं भावमुद्रा धरून उभी होती आणि पाचवे बसलेले. टाळ्या थांबेनात. बराच वेळ गेला. गालांवरचा रंग ओघळायला लागला. नजर सरळ समोर ठेवून, ओठ न हलवता अप्पांनी विचारलं, “पडदा का पडेना रे?”

“पडद्यावर मीच होतो, अप्पा,” तसंच ओठ न हलवता अमरनाथ म्हणाला.

गिरिजाचे खांदे गदगदा हलायला लागले. गौरीशंकरनं ओठ घट्ट दाबून धरले.

“मग राहू दे,” अप्पा म्हणाले. “उघडाच राहू दे.”